सिमेंटचा भाव आणि खिळ्यांची कमाई

‘सिमसिटी बिल्डइट’ हा फोनवरचा शहर उभारण्याचा खेळ खेळायला लागलेला माणूस हमखास एक चूक करतो: ज्या वस्तूचा भाव जास्त, तीच बनवत सुटतो. सिमेंटच्या एका पोत्याला ट्रेड डेपोत, म्हणजे इतर खेळाडूंना माल विकायच्या जागी, जास्तीत जास्त ४४० सिमोलियन (खेळातले पैसे) मिळतात, खिळ्यांना ८०. मग खिळे कशाला बनवायचे? इथेच भाव आणि कमाई यांची गल्लत होते. भाव एका नगाचा असतो. कमाई काढताना कच्चा माल वजा करावा लागतो आणि दुकान किती वेळ अडकलं तेही बघावं लागतं.

दोन्ही वस्तू एकाच दुकानात बनतात, म्हणून तुलना सोपी आहे. दुकानाची पातळी वाढवलेली नसेल तर खिळ्यांना ५ मिनिटं आणि २ धातू लागतात. धातूचा भाव १०, म्हणजे ८० मधून २० गेले, ६० सुटले. मिनिटाला १२. सिमेंटला ५० मिनिटं, २ खनिजं आणि १ रसायन लागतं. ४० चे दोन आणि ६० चा एक, एकूण १४० गेले. उरले ३००, मिनिटाला ६. भाव साडेपाच पट, कमाई निम्मी!

पण एवढ्यावर ‘खिळेच बनवा’ म्हणणंही चुकीचं ठरेल. कच्चा माल बनवणाऱ्या फॅक्टरीतले स्लॉट (माल बनवायच्या जागा) एकाच वेळी चालतात, दुकानात मात्र माल रांगेने, एकामागून एक बनतो. समजा रांगेत ६ जागा आहेत आणि तुम्ही ५ तास फोनकडे बघणार नाही. ६ खिळे लावून गेलात तर अर्ध्या तासात काम संपलं, ३६० सुटले आणि पुढचे साडेचार तास दुकान रिकामं. ६ सिमेंट लावले तर रांग बरोब्बर ५ तास चालते आणि १८०० सुटतात. तेच ५ तास फोन हातात धरून बसलात तर ६० खिळे निघतील, ३६०० ची कमाई. म्हणजे खिळ्यांचा तो चढा दर तुमच्या लक्षाचा मोबदला आहे. माझ्या मते या खेळात सगळ्यात दुर्मीळ माल म्हणजे हे लक्षच, आणि ते कुठल्याही गोदामात साठत नाही.

गोदामाचंही तसंच. खिळा असो वा सिमेंट, प्रत्येक नग एकच जागा अडवतो. डेपोच्या एका खोक्यात एका प्रकारचे ५ नग मावतात: खिळ्यांचं खोकं ४०० चं, सिमेंटचं २२००. ते ६० खिळे विकायला १२ खोकी हवीत, ६ सिमेंटला दोन पुरतात. मोजकीच खोकी असतील तर आधीचे खिळे विकले जाईपर्यंत फोन हाताशी असूनही नवे ठेवायला जागा उरत नाही.

खुर्ची त्याहून फसवी. भाव ३००, वेळ २० मिनिटं. त्यात २ लाकडं, १ खिळा, १ हातोडा. खिळा आणि हातोडा घरचेच म्हणून बरेच जण ते फुकट धरतात. पण तोच खिळा ८० ला आणि हातोडा ९० ला विकला गेला असता. लाकडाचे ४० धरून २१० गेले. खुर्चीने ९० च मिळवून दिले, मिनिटाला साडेचार. घराच्या अपग्रेडला खुर्ची मागितली असेल तर जरूर बनवा, विकायला नको.

फॅक्टरीतही हेच गणित. धातू १ मिनिटात १० देतो, विजेचे भाग ७ तासांत १६०. मिनिटाच्या हिशेबाने धातू कितीतरी पुढे, पण मिनिट संपलं की स्लॉट थांबतो. म्हणून रात्री निजण्याआधी मी सगळे स्लॉट विजेच्या भागांना देतो, दुकानाच्या रांगेत सिमेंट लावतो. सकाळी चहा होईपर्यंत, फोन हातातच असतो तेवढा वेळ, धातू आणि खिळे.