जुनी इमेज, नवं यंत्र

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, सुरू करावं, तर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो. इमेज, म्हणजे त्याची अख्खी डिस्क साठवलेली फाइल, खराब झाली, असं लगेच वाटतं. पण कित्येक वर्षं पडून असलेली इमेज बहुधा शाबूत असते. बदललेलं असतं ते तिच्याभोवतीचं यंत्र.

आधी गाडी कुठे अडली ते पाहावं. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा मेनूच आला नाही, तर फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, तपासा. तो जुना बायोस असतो किंवा नवा यूईएफआय. बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटांचा सेक्टर वाचतो आणि त्यातला कोड चालवतो. यूईएफआय त्या कोडकडे ढुंकूनही पाहत नाही; तो एका खास पार्टिशनमध्ये बूटलोडरची फाइल शोधतो. जुन्या इमेजमध्ये ती बहुधा नसतेच. मशीनच्या सेटिंगमध्ये बायोस निवडा, इमेजला हातही लावावा लागत नाही.

खरी कसोटी पुढे. लिनक्सचा बूटलोडर ग्रब दिसतो, ओळी भराभर सरकतात आणि कर्नल पॅनिक येतो, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल हात टेकतो: रूट फाइलसिस्टिम, अर्थात सिस्टिमच्या मुख्य फाइलींचा साठा, माउंट होत नाही, उघडत नाही. डिस्क तर जोडलेली आहे! पण ती व्हर्टआयओने, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या जोडणीने, जोडलेली असते, आणि ती ओळखणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्समध्ये 2.6.24 या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी 2008 मध्ये आले. त्याआधीच्या मूळ कर्नलला ती डिस्क दिसतच नाही. पुढच्या कर्नलचंही अडू शकतं. सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या इनिटरॅमएफएस या छोट्या फाइलसिस्टिममध्ये कधीकधी फक्त त्या वेळच्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर भरलेले असतात. हवा तो ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण डिस्क वाचायला तोच लागतो. किल्ली कुलपाच्या आत राहिली. विंडोजमध्ये हीच अडचण निळ्या पडद्यावर 0एक्स7बी या कोडने दिसते.

काहीही करण्याआधी इमेजची प्रत काढा. हे मी पुनःपुन्हा सांगेन, कारण जुन्या कामाचा तेवढाच एक पुरावा उरलेला असू शकतो. मग प्रतीची डिस्क आयडीई किंवा साटा या नेहमीच्या जोडणीच्या कंट्रोलरवर जोडून पाहा. कर्नल पुरेसा नवा असेल, तर बूट झाल्यावर व्हर्टआयओचे ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा आणि मगच व्हर्टआयओवर परत या. पडदा मुका असेल, तर ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नलच्या ओळीतला 'क्वाएट' शब्द खोडा. कर्नल कुठे थांबला, ते बहुतेक वेळा तिथेच वाचायला मिळतं.

तरीही अडलं, तर एफएसटॅब उघडा; कोणती डिस्क कुठे माउंट करायची, याची यादी या फाइलमध्ये असते. तिथे डिस्कचं नाव 'एसडीए' लिहिलेलं असू शकतं आणि व्हर्टआयओवर तीच डिस्क 'व्हीडीए' होते. नावाच्या जागी यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा; कंट्रोलर बदलला तरी तो बदलत नाही.