जंतू मेले तरी डांग्या खोकला का थांबत नाही?

डांग्या खोकला झालेल्या बाळाला अँटिबायोटिक सुरू केलं की पाच दिवसांत त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका संपतो. खोकल्याच्या उबळी मात्र पुढे कित्येक आठवडे येतच राहतात. औषध लागू पडत नाही असं वाटून आईवडील डॉक्टर बदलतात. खरं तर औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं. जंतू मरतात, पण त्यांच्या विषांनी तोवर जी मोडतोड केलेली असते, ती भरून यायला वेळ लागतो.

बोर्डेटेला पर्ट्युसिस हा तो जंतू. १९०६ मध्ये ब्रसेल्सला ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त घातलेल्या माध्यमावर तो पहिल्यांदा वाढवला. हा सहसा रक्तात शिरत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथूनच विषं सोडतो.

या अस्तरातल्या पेशींवर अतिसूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि धूळ, जंतू अडकलेला कफ वर घशाकडे ढकलत राहते. जंतूच्या भिंतीतून गळणारा एक छोटासा तुकडा नेमक्या याच पेशी मारतो. इतर बरेच जंतू असे तुकडे परत आत घेऊन वापरतात, हा ते बाहेर सोडून देतो. शेजारच्या कफ तयार करणाऱ्या पेशी त्या तुकड्यामुळे नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतात आणि लव असलेल्या पेशी गळून पडतात. कफ तिथेच साचतो. तो बाहेर काढायला खोकल्याखेरीज दुसरी सोय उरत नाही.

दुसरं विष आपल्या पांढऱ्या पेशींत घुसतं. तिथे पेशीचंच एक प्रथिन वापरून ते जागं होतं आणि संदेश देणाऱ्या एका रेणूचा इतका पूर आणतं की पेशीला जंतू गिळताच येत नाहीत.

पण सगळ्यांत घातक आहे ते पर्ट्युसिस टॉक्सिन. त्याचा एक भाग पेशीला पकडतो, दुसरा आत शिरून पेशीतल्या संदेशांना आवर घालणारा ब्रेक निकामी करतो. हे विष रक्तातून शरीरभर फिरतं. त्याच्यामुळे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडून लसिकाग्रंथींत जाता येत नाही, त्या रक्तातच साठत जातात. म्हणून बाळाला फारसा ताप नाही, पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी पन्नास हजार आणि त्यातही लिम्फोसाइट जास्त, असं दिसलं की बालरोगतज्ज्ञ सावध होतात. हा आकडा लाखावर गेला तर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हृदयावर ताण येतो. अशा वेळी काही बाळांचं रक्त बदलावं लागतं. अगदी लहान बाळांना तर खोकल्यानंतरचा तो ओळखीचा ‘हूऽप’ आवाजही येत नाही. त्यांचा श्वासच मध्ये थांबतो आणि ती निळी पडतात. घरच्यांनी आवाजाची वाट पाहत बसू नये.

हेच टॉक्सिन निर्विष करून लसीत घालतात. खासगी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘पेनलेस’ लसीत ते असतं. सरकारी पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या) लसीत डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जंतू असतो, म्हणून ताप आणि मांडीला सूज जास्त येते. त्यावरून ती कमअस्सल ठरवणं चूक आहे. पेनलेस लसीचं संरक्षण लवकर ओसरतं, हे अनेक देशांत दिसून आलंय. पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचे) बूस्टर.

पहिल्या डोसाआधीचे सहा आठवडे बाळाला लसीचं संरक्षण नसतं, आणि जिवाला धोका त्याच वयात सर्वांत मोठा. त्यासाठी आईला गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची) लस देता येते. तिच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. सरकारी केंद्रात गरोदर बाईला मिळते ती टीडी, म्हणजे फक्त धनुर्वात आणि घटसर्पाची लस. तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, तेव्हा टीडॅपबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारावं लागतं.