टोर ब्राउझर सुरू होत नसल्यास: प्रॉक्सीच्या नोंदींविषयी माहितीपत्रक

टोर ब्राउझर (आपला पत्ता लपवून संकेतस्थळे पाहण्याचा ब्राउझर) उघडत नाही, पुन्हा बसवला तरी फरक पडत नाही, अशी तक्रार घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात. अशा वेळी संगणक बिघडलेला नसतो. बहुधा कधीतरी भरलेली आणि नंतर विसरलेली प्रॉक्सीची, म्हणजे आपली वाहतूक पुढे पोचवणाऱ्या मधल्या संगणकाची किंवा प्रोग्रॅमची, नोंद आड येत असते. ही तपासणी घरच्या घरी करता यावी, म्हणून हे पत्रक दिले आहे.

टोर ब्राउझर दिसायला एकच असला तरी त्यात दोन प्रोग्रॅम चालतात. फायरफॉक्सवर आधारलेला ब्राउझर आपल्याला दिसतो आणि वाहतूक इतर अनेक संगणकांमधून फिरवून नेणारा टोर पडद्यामागे राहतो. ब्राउझर सर्व वाहतूक त्याच संगणकावरील १२७.०.०.१ या पत्त्यावर, ९१५० क्रमांकाच्या पोर्टवर (प्रोग्रॅमच्या क्रमांकित दारावर) टोरच्या हवाली करतो. ही झाली आतली प्रॉक्सी. ती ब्राउझर स्वतः ठरवतो, तिला हात लावू नये. ‘प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसताच काही जण आतली प्रॉक्सीच बंद करून टाकतात. मग पाने उघडलीच, तर ती टोरमधून येत नाहीत आणि आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपला क्रमांक) समोरच्या संकेतस्थळाला उघड दिसतो. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की मागे टोर चालू नाही.

बाहेरची प्रॉक्सी वेगळी. कार्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या जाळ्यातून इंटरनेटवर जाण्यासाठी ती लागते आणि तिची नोंद सेटिंग्जमधील ‘कनेक्शन’ या भागात, अ‍ॅडव्हान्स्ड या शीर्षकाखाली करावी लागते. विंडोजमध्ये भरलेली प्रॉक्सी टोर आपणहून उचलत नाही, त्यामुळे इतर ब्राउझर चालतात आणि हाच अडतो. उलट, वसतिगृहात १०. किंवा १९२.१६८. ने सुरू होणारा पत्ता भरलेला लॅपटॉप सुटीत घरी आणला, की तो पत्ता तिथे सापडत नाही आणि जोडणी सुरुवातीलाच थांबते. घरच्या ब्रॉडबँडला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला सहसा प्रॉक्सी लागत नाही. तेव्हा ‘कनेक्शन’ भागातील प्रॉक्सी वापरण्याची खूण काढून टाकावी.

प्रॉक्सी खरोखरच लागत असेल तर तिचा प्रकार आधी विचारून घ्यावा. पोर्ट ३१२८ असेल तर ती बहुधा स्क्विड या सॉफ्टवेअरवर चालणारी एचटीटीपी प्रॉक्सी असते. तिथे सॉक्स ५ हा प्रॉक्सीचा दुसरा प्रकार निवडल्यास जोडणी होणार नाही. पत्त्याच्या रकान्यात फक्त पत्ता लिहावा, मागेपुढे तिरप्या रेघा नकोत. पुष्कळ प्रॉक्सी ठरावीक पोर्टच सोडतात, म्हणून तिथल्याच फायरवॉलच्या रकान्यात ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट, मध्ये स्वल्पविराम देऊन, लिहून पाहावेत. विंडोजच्या लॉगिनवरूनच ओळख पटवणाऱ्या एनटीएलएम पद्धतीच्या प्रॉक्सीतून टोर जात नाही, कारण एचटीटीपी प्रॉक्सीसाठी त्याला साधे नाव आणि पासवर्ड एवढेच चालते. कार्यालयानेच टोरला मनाई केली असेल, तर ती चुकवण्याचे काम आम्ही करत नाही.

‘टोर सुरू होतानाच बंद पडला’ असा संदेश आल्यास टोरआरसी (torrc) नावाची टोरच्या सेटिंग्जची फाइल पाहावी. तीत कधी कधी हाताने बदल केलेले असतात आणि सॉक्स ५ व एचटीटीपीएस अशा दोन प्रकारच्या प्रॉक्सी एकाच वेळी लिहिलेल्या असल्या, किंवा सॉक्स ५ साठी नाव लिहून पासवर्ड सोडला असला, तरी टोर चालूच होत नाही. जादा ओळी काढाव्यात. पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार टोरच्या लॉगमध्ये (कामकाजाच्या नोंदींत) दिसली, तर मागचा टोर अजून चालू असतो. टास्क मॅनेजरमधून तो बंद करावा.

पुन्हा बसवून उपयोग का होत नाही, याचे कारणही इथेच आहे. विंडोज व लिनक्सवर प्रॉक्सीच्या या नोंदी ब्राउझरच्याच फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे त्याच जागी नवी प्रत बसवली की जुनी चूक तशीच कायम राहते. नवी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावी आणि ती चालली, तर जुन्यातील बुकमार्क आधी काढून घेऊन मगच तो फोल्डर पुसावा.

एवढे करूनही अडचण राहिल्यास ‘कनेक्शन’ भागातील टोरच्या लॉगची नक्कल आमच्याकडे आणावी. प्रॉक्सीचा पासवर्ड मात्र कळवू नये. तपासणीसाठी तो लागत नाही.