कुत्र्याचं नाक कोरडं म्हणजे ताप? तसं नसतं

'कुत्र्याचं नाक कोरडं आणि गरम लागलं की समजा ताप आलाय' हा मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर अधूनमधून फिरतो, आणि लोक तो काळजीपोटीच पाठवतात. पण नाकावरून ताप कळत नाही. कुत्रा नाक सारखं चाटतो म्हणून ते ओलं राहतं, झोपेत चाटत नाही मग उठल्यावर कोरडं, मे महिन्यात गच्चीवर उन्हात पडून राहिला तरी कोरडं, म्हातारपणी तर बऱ्याचदा असतंच. तासाभराने परत हात लावून बघा, बहुतेक ओलं झालेलं असतं.

उलट ताप असूनही नाक ओलं गार असू शकतं, आणि मला खरी भीती याचीच वाटते कारण मग घरचे निर्धास्त राहतात.

अंगाला हात लावूनही नीट कळत नाही, त्याचं नॉर्मल टेंपरेचरच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला तो कायम गरमच लागणार. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून मोजायचं, एकाने प्रेमाने धरून ठेवायचं, आणि थर्मामीटर त्याचा वेगळाच ठेवा. १०३ च्या वर गेलं, किंवा खाणं सोडून सुस्त पडला तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, आपल्या तापाच्या गोळ्या मनाने अजिबात देऊ नका.