कर्णनाद

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना तो जाणवतो. अतिशय जाचणारे मात्र २ टक्क्यांच्या आसपास.

मोठ्या आवाजाने, वयाने किंवा जेंटामायसिन (प्रतिजैविक), सिसप्लॅटिन (कर्करोगावरील औषध) यांसारख्या औषधांनी आंतरकर्णातील केशपेशी, म्हणजे आवाज टिपून मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशी, निकामी होतात. मेंदूला मिळणारे संदेश रोडावतात, आणि ती तूट भरून काढताना मेंदूतील श्रवणयंत्रणा जास्तच संवेदनशील होते, असे सध्या मानले जाते. कधी कारण अगदी साधे निघते : कानात घट्ट बसलेला मळ.

म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कान तपासावा, मग श्रवणचाचणी व्हावी. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून रुग्णाच्या नादाशी जुळणारा सूर शोधता येतो. ‘डोक्यात इंजिन चालू आहे’ असे सांगणाऱ्याचाही नाद बहुधा त्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा काही डेसिबलच वर भरतो. त्रास किती होणार हे आवाजाच्या पट्टीपेक्षा त्याकडे लागलेल्या लक्षावर आणि भीतीवर अधिक ठरते.

नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर धपधपत असेल, तर पुढच्या तपासण्या लागतात. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

नाद कायमचा बंद करणारी गोळी नाही. जिंको या वनस्पतीच्या अर्काच्या किंवा जस्ताच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ‘सवय करून घ्या’ हा सल्ला अर्धाच खरा आहे, कारण ती सवय कशी करायची ते कोणी सांगत नाही. बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) नेमके तेच शिकवतो, आणि त्याच्या बाजूचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि नाद मागे पडतो.

रात्री नाद उठून दिसतो, कारण खोली शांत असते. पंखा किंवा पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज हळू लावून ठेवावा, नाद पुरता बुडेल इतका मोठा नको. अनेक जण याच्या उलट करतात : कानात कापूस कोंबतात. आवाज आतला असल्याने तो आणखी स्पष्ट होतो. कानाचे बोळे गोंगाटाच्या जागी वापरावेत, शांत घरात नव्हे.