टूडू डॉट टीएक्सटी

टूडू डॉट टीएक्सटी ही करायच्या कामांची यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. ती फाइल टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, हाताळणाऱ्या 'टूडू.एसएच' या बॅश स्क्रिप्टलाही (बॅश या आज्ञाप्रणालीत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामलाही) बोलताना याच नावाने ओळखतात. जिना ट्रपानी यांनी २००६ मध्ये ही पद्धत आणली. स्क्रिप्ट मुक्त स्रोत असून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळते.

एका ओळीत एक काम, हा मूळ नियम. उदाहरणार्थ:

(ए) २०२५-०३-०४ संपादकांना मसुद्याबद्दल विचारणे +पुस्तक @फोन

कंसातले अक्षर प्राधान्य सांगते, तारीख नोंदीची, अधिकचे चिन्ह प्रकल्पाचे आणि @ हे काम कुठे किंवा कशाने करायचे त्याचे. काम झाले की ओळीच्या सुरुवातीला धाकट्या लिपीतला (स्मॉल) एक्स येतो. ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. फाइल नुसती वर्णानुक्रमाने लावली तरी कंस असलेली तातडीची कामे वर येतात, एक्सवाली तळाला जातात आणि वर्ष आधी लिहिल्यामुळे तारखाही क्रमाने लागतात. त्यासाठी वेगळा डेटाबेस लागत नाही. उद्या ही स्क्रिप्ट बंद पडली, तरी यादी कोणत्याही एडिटरमध्ये उघडते.

डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींवर 'एपीटी' या पॅकेज बसवण्याच्या साधनाने 'टूडूटीएक्सटी-सीएलआय' हे पॅकेज बसवता येते. मॅकवर त्यासाठी होमब्रू हे तसेच साधन चालते. विंडोजवर आधी बॅशची सोय हवी, मग त्यासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरा किंवा सिग्विन (लिनक्ससारखी साधने देणारा संच). त्यानंतर सेटिंगच्या फाइलमध्ये 'टूडू_डीआयआर'पुढे यादी ठेवायच्या फोल्डरचा पत्ता लिहायचा. बहुतेक जण आज्ञेला 'टी' असे एकाक्षरी उपनाव देतात, आणि ते द्यावेच. नोंद करायला लांबलचक टाइप करावे लागले, तर ती टळते.

रोजच्या वापराला चार आज्ञा पुरतात. 'टी अ‍ॅड' नवे काम लिहिते, 'टी एलएस' यादी दाखवते, 'टी पीआरआय ३ ए' तिसऱ्या कामाला प्राधान्य देते आणि 'टी डू ३' ते पूर्ण झाल्याचे नोंदवते. 'टी एलएस @फोन' म्हटले की फक्त फोनवरची कामे दिसतात. आज्ञा आणि तारखांचे आकडे अर्थातच रोमन कळफलकावरून टाइप करायचे.

कामाचा क्रमांक म्हणजे फाइलमधला ओळ-क्रमांक, हे पक्के ध्यानात ठेवावे. मूळ सेटिंगनुसार पूर्ण झालेली ओळ लगेच 'डन.टीएक्सटी'मध्ये हलते आणि खालच्या सगळ्या कामांचे क्रमांक एकाने कमी होतात. लागोपाठ 'डू ३', 'डू ४' दिले, तर दुसऱ्या वेळी भलतेच काम खोडले जाते. दोन्ही क्रमांक एकाच आज्ञेत द्यावेत, किंवा मध्ये 'एलएस' करून पाहावे.

कामे मराठीत बेलाशक लिहावीत. फक्त स्क्रिप्टच्या मूळ क्रमवारीत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांनंतर येतात. त्यामुळे आपोआप हलवणे बंद ठेवले, तर झालेली एक्सवाली कामे प्राधान्य न दिलेल्या मराठी कामांच्या वर दिसू लागतात. नोंदीची तारीख आपोआप घालण्याचे सेटिंग चालू केले की ओळ आकड्याने सुरू होते आणि बाकी असलेले काम पुन्हा एक्सच्या वर येते.