मॉर्मन मिशनवरील मुलगा आणि आई यांचा पत्रव्यवहार

अमेरिकेच्या यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे, म्हणजे रूढ भाषेत मॉर्मनांचे, तरुण धर्मप्रसारासाठी दोन वर्षे घराबाहेर राहतात. या सेवेला ‘मिशन’ म्हणतात. या काळात आई आणि मुलगा यांच्यामध्ये आठवड्याच्या नेमाने चालणारा पत्रव्यवहार हा मॉर्मन कौटुंबिक जीवनातील एक रूढ आचार आहे. मुलाला या चोवीस महिन्यांत घरी जाता येत नाही, नेमून दिलेल्या जोडीदाराशिवाय एकट्याने फिरता येत नाही आणि त्याचा बहुतेक दिवस नियमांनी बांधलेला असतो. त्यामुळे आठवड्याचे पत्र ही केवळ खुशालीची देवाणघेवाण राहिली नाही. चर्चचे नियम, टपालाची गती आणि दोन्ही बाजूंनी राखलेला संकोच यांतून त्या पत्राला एक ठरीव घाट आला. वडील, भावंडे आणि मैत्रीण यांनाही मुलगा लिहितो. तथापि घरच्या बाजूने नेम सांभाळणारी व्यक्ती बहुधा आईच असते.

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली आणि त्याच वर्षी त्याचा भाऊ सॅम्युअल स्मिथ ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन प्रचाराला बाहेर पडला. एकोणिसाव्या शतकातील धर्मप्रसारक मात्र आजच्यासारखे अठरा-एकोणीस वर्षांचे अविवाहित तरुण नव्हते. त्यांतील पुष्कळ जण बायकामुले मागे ठेवून निघालेले प्रौढ पुरुष होते. १८३७ मध्ये इंग्लंडला गेलेला हीबर किंबॉल आणि त्याची पत्नी व्हायलेट यांच्या पत्रांवरून दिसते, की त्या काळातील मिशनच्या पत्रव्यवहारात घरच्या बाजूला मुख्यतः पत्नी असे. अशी पत्रे पूर्णपणे खासगीही नसत. इंग्लंडमधून १८४० पासून निघणाऱ्या ‘मिलेनियल स्टार’ या चर्चच्या नियतकालिकात धर्मप्रसारकांची पत्रे छापली जात. १८५२ मध्ये मुंबईत येऊन पुढे पुण्यातही प्रचार करणाऱ्या ह्यू फिंडले याच्या हिंदुस्थानविषयक पत्रांनाही त्यात जागा मिळाली. मिशनवरून लिहिलेले पत्र एकाहून अधिक वाचकांचे असते, ही समजूत अशी जुनी आहे, आणि आजच्या आठवडी पत्रातही ती टिकून आहे.

कोवळ्या वयातील धर्मप्रसारकाचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जोसेफ एफ. स्मिथ. १८५४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला हवाई बेटांवर पाठवण्यात आले. वडील हायरम स्मिथ १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाच्या हल्ल्यात मारले गेले होते आणि आई मेरी फील्डिंग स्मिथ १८५२ मध्ये वारली होती. त्यामुळे ज्या वयात मुलगा आईला लिहितो, त्या वयात हा मुलगा आपल्याहून धाकट्या बहिणीला, मार्था ॲनला, लिहीत राहिला. भावाबहिणीची ही पत्रे पुढे अनेक दशके चालू राहिली आणि आता ती प्रकाशितही झाली आहेत. हा जोसेफ १९०१ मध्ये चर्चचा सहावा अध्यक्ष झाला.

विसाव्या शतकात मिशन हे लग्नापूर्वीचे, तारुण्याच्या उंबरठ्यावरचे कर्तव्य बनले, तेव्हा पत्नीच्या जागी आई आली. १९७४ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक पात्र तरुणाने मिशनवर जावे असा आग्रह धरला आणि ही अपेक्षा अधिकच घट्ट झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुलांची किमान वयोमर्यादा १९ वरून १८ वर, तर मुलींची २१ वरून १९ वर आणण्यात आली. तोवर सुमारे ५८ हजार असलेली धर्मप्रसारकांची संख्या २०१४ पर्यंत ८० हजारांच्या पुढे गेली. मुलींची सेवा अठरा महिन्यांची असते आणि त्याही आईला लिहितातच. पण मॉर्मन घरांत मुलाच्या मिशनभोवती जो अपेक्षांचा भार असतो, तो त्यांच्या वाट्याला तितकासा येत नाही. मुलींचे जाणे ऐच्छिक समजले जाते, मुलाचे न जाणे मात्र लोकांच्या लक्षात राहते. आईच्या पत्रांतला काळजीचा आणि अभिमानाचा सूर या फरकाच्या संदर्भात वाचावा लागतो.

या पत्रव्यवहाराची सुरुवात खरे तर एका वेगळ्याच पत्राने होते. मुलाने कोणत्या देशात वा शहरात जायचे हे तो स्वतः ठरवत नाही. तसा आदेश चर्चच्या अध्यक्षांच्या सहीने येतो. पूर्वी तो मोठ्या पांढऱ्या पाकिटातून येई आणि सगळे कुटुंब जमल्यावर ते पाकीट फोडले जाई. २०१८ पासून हा आदेश संगणकावर मिळू लागला. पुढे परक्या भाषेच्या देशात जाणारे तरुण यूटामधील प्रोव्हो येथील किंवा अन्य प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे काढतात. घराच्या आठवणीने व्याकूळ झालेली पहिली पत्रे बहुधा याच केंद्रातून लिहिलेली असतात. खर्चाचाही पत्रांशी संबंध होता. मिशनचा खर्च मुलगा आणि त्याचे कुटुंब यांनीच सोसायचा असतो. १९९१ पूर्वी ज्या त्या देशातील महागाईप्रमाणे घरून थेट पैसे पाठवले जात आणि साहजिकच पत्रांत भाडे, बूट, सायकलची दुरुस्ती यांचे हिशेब येत. त्या वर्षापासून अमेरिकी कुटुंबांसाठी मासिक वर्गणी सर्वांना सारखी ठरवण्यात आली. जुलै २०२० पासून ती ५०० डॉलर आहे. हिशेब गेल्याने पत्रे अधिक धार्मिक झाली असावीत, असा तर्क करता येतो. वाचकाच्या दृष्टीने मात्र ते नुकसानच म्हणायचे, कारण मुलगा प्रत्यक्षात कसा जगतो आहे हे प्रवचनापेक्षा हिशेबातून अधिक कळत असे.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, हा तयारीचा दिवस असतो. धर्मप्रसारक त्याला ‘पी-डे’ म्हणतात. कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे त्या दिवशी उरकायची असतात. आई-वडिलांना दर आठवड्याला लिहावे, असे नियमपुस्तिकाच सांगत आली आहे. याखेरीज दर आठवड्याला मिशनच्या अध्यक्षांना, म्हणजे त्या विभागातील धर्मप्रसारकांच्या वरिष्ठांनाही, पत्र लिहायचे असते. एकाच दिवशी, एकाच टेबलावर लिहिलेली ही दोन पत्रे शेजारी ठेवून पाहता आली, तर पुष्कळ काही उलगडते: वरिष्ठांच्या पत्रात शिकवलेले पाठ आणि बाप्तिस्म्याचे आकडे येतात, तर आईच्या पत्रात त्याच आठवड्यातला पाऊस, कुत्र्याने फाडलेली पँट आणि कोणा म्हातारीने आग्रहाने वाढलेले जेवण.

मुलाच्या पत्रात काय लिहिले जात नाही, हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जोडीदार स्वतः निवडलेला नसतो. त्याच्याशी चोवीस तास राहायचे, आणि काही आठवड्यांनी बदली झाली की नव्या माणसाशी पुन्हा तेच. भांडणे अपरिहार्य असतात, पण पत्रात ‘आमचे जरा वेगळे स्वभाव आहेत’ एवढेच उतरते. आजारपण बरे झाल्यावरच कळवले जाते. तोंडावर दार लावणाऱ्या माणसांचा आकडा विनोदाने येतो. श्रद्धेविषयीची शंका तर फारच क्वचित, आणि आलीच तर ती मिटल्याच्या बातमीसह येते. आईही याच वाटेने जाते. धाकट्या भावाचा फुटबॉलचा सामना, चर्चमधल्या कोणाचा मुलगा मिशनवरून परतला, पीचचे किती डबे भरून ठेवले, हे ती सविस्तर लिहिते. घरातले दुखणे किंवा पैशांची ओढाताण लिहीत नाही, कारण घरच्या काळजीने मुलाचे मन कामावरून उडेल अशी तिला भीती असते. घरची ओढ लागून ज्याचे चित्त परतीच्या प्रवासावर खिळले आहे, अशा तरुणाला धर्मप्रसारकांच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात, ट्रंक भरून बसलेला, आणि आपल्या पत्राने मुलगा ट्रंकी होऊ नये ही जबाबदारी आईवर अप्रत्यक्षपणे टाकलेली असते. दोघेही एकमेकांना सांभाळत लिहितात आणि दोघांनाही ते ठाऊक असते. म्हणूनच हस्ताक्षर बिघडले का, पत्र नेहमीपेक्षा आखूड आहे का, जोडीदाराचे नाव या वेळी का आले नाही, अशा खुणांवरून आया पत्र वाचायला शिकतात.

मुलाला मिशनवर ‘एल्डर’ या पदवीने आणि आडनावाने हाक मारली जाते. त्याच्या छातीवरील काळ्या नामपट्टीवरही चर्चच्या नावासह तेच असते. पाकिटावर आईही ‘एल्डर’ असेच लिहिते आणि आतल्या कागदावर त्याचे घरचे नाव येते. परभाषक देशात दीड वर्ष काढलेल्या मुलांच्या पत्रांतील इंग्रजी हळूहळू ढासळते, स्पॅनिश वा पोर्तुगीज शब्द मध्येच घुसतात, आणि आया ते शब्द उलट टपाली वापरून दाखवतात.

या पत्रांना पंथाच्या धर्मग्रंथातच एक आदर्श सापडतो. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील आल्मा या पुस्तकात हीलामन नावाच्या सेनानीच्या हाताखाली लढलेल्या दोन हजार तरुणांची कथा आहे. देव आपले रक्षण करील असे या तरुणांना त्यांच्या मातांनी शिकवले होते, आणि मातांना हे ठाऊक होते याबद्दल आपल्याला शंका नाही, असे ते म्हणतात. मॉर्मन घरांत मिशनवर निघालेल्या मुलांना या तरुणांची उपमा सर्रास दिली जाते. हा मजकूर मूळ ग्रंथात हीलामनने सेनापती मरोनायला लिहिलेल्या पत्राचा भाग आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरीस वडील मॉर्मन यांनी मुलगा मरोनाय (हा त्या सेनापतीहून वेगळा) याला लिहिलेली पत्रेही आहेत. आईने लिहिलेले पत्र मात्र त्या ग्रंथात एकही नाही.

पत्राने मिशन तारल्याची जी गोष्ट चर्चमध्ये सर्वाधिक सांगितली जाते, तीही वडिलांच्या पत्राची आहे. पुढे १९९५ ते २००८ या काळात चर्चचे अध्यक्ष असलेले गॉर्डन हिंक्ली १९३३ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथे काम करत असताना निराश झाले आणि आपण वेळ व वडिलांचा पैसा वाया घालवत आहोत असे त्यांनी घरी कळवले. स्वतःला विसर आणि कामाला लाग, अशा अर्थाचे एका वाक्याचे उत्तर आले. त्यांची आई एडा तीन वर्षांपूर्वीच कर्करोगाने वारली होती. मात्र बाजारातून परत आलेली सुटी नाणी साठवून तिने मुलांच्या मिशनसाठी पैसे बाजूला ठेवले होते आणि मंदीच्या त्या वर्षांत हिंक्ली यांना त्यांचा आधार झाला. एवढा भाग जोडल्यावर ही गोष्ट केवळ वडिलांची राहत नाही.

टपालाच्या काळात परदेशी पत्राला जाऊन उत्तर येईपर्यंत महिना सहज उलटे. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येई तेव्हा मुलाची बदलीही झालेली असे, म्हणून अनेक कुटुंबे मिशनच्या कार्यालयाचाच पत्ता वापरत. काही देशांसाठी चर्चच्या मुख्यालयातून टपालथैलीची सोय होती. तिच्यासाठी पाकीट न वापरता एकाच कागदाची घडी घालून पाठवावी लागे. अशा उघड्या कागदावर मनातले फारसे उतरत नसे. १९७० आणि १९८० च्या दशकांत ध्वनिमुद्रित कॅसेटही पाठवल्या जात. नाताळच्या पार्सलात मोजे, गोळ्या-चॉकलेटे आणि जोडीदारासाठीही काहीतरी, हा संकेत अजून टिकून आहे.

दूरध्वनी दीर्घकाळ वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मे महिन्यातील मातृदिनी. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ई-मेलला परवानगी मिळाली आणि तयारीच्या दिवशी ग्रंथालयात किंवा सायबर कॅफेत बसून, घड्याळाकडे पाहत पत्रे लिहिली जाऊ लागली. वेग वाढला, पण आठवड्याचा ताल तोच राहिला. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी चर्चने दर आठवड्याला तयारीच्या दिवशी दूरध्वनी, संदेश किंवा व्हिडिओ संभाषण करण्याची मुभा दिली. संपर्काला सुरुवात मुलाने करावी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. पत्र त्यानंतर संपले नाही, पण त्याचे दोन भाग झाले. आई आणि मुलगा यांचे बोलणे पडद्यावर होऊ लागले, आणि लिहिलेला मजकूर नातेवाईक, शिक्षक व मित्रांच्या मोठ्या यादीला एकदम जाणारे छायाचित्रांसह निवेदन बनला.

दूरध्वनीवरील जुन्या बंदीचे समर्थन एकाग्रतेच्या मुद्द्यावर केले जाई. तिच्यावरील आक्षेप असा, की नैराश्यात सापडलेल्या मुलाचा आवाजच घरी पोहोचत नसे आणि आठवड्याच्या पत्रात तो आनंदी दिसत राही. मुदतीपूर्वी परतणाऱ्या तरुणाला समाजात सोसावी लागणारी लाज पाहता, ‘मला घरी यायचे आहे’ हे वाक्य लिहिणे अवघड होते आणि त्याला उत्तर देणे आईला त्याहून अवघड. ‘थोडे थांब’ असे लिहिणारी आई मुलाला सावरते की त्याची हाक परतवते, हे त्या त्या मुलावर अवलंबून असते आणि ते कागदावरून कळणे कठीण असते. या बाबतीत २०१९ चा बदल उशिरा झाला असेच म्हणावे लागेल.

धर्मप्रसारकांच्या लोककथांतही पत्रांना स्थान आहे. दोन तरुण तीन महिन्यांचे साप्ताहिक अहवाल आगाऊ लिहून घरमालकिणीकडे देतात, दर आठवड्याला एक टपालात टाकायला सांगतात आणि स्वतः भटकायला निघून जातात. ती बाई मात्र क्रम चुकवते किंवा सगळे एकदमच पाठवते. देशोदेशीच्या मिशनांत ही कथा आपल्याच मिशनमध्ये घडली म्हणून सांगितली जाते.

दैनंदिनी व पत्रे जपण्याचा आग्रह या पंथात पहिल्यापासून आहे. सॉल्ट लेक सिटीतील चर्च हिस्टरी लायब्ररी आणि प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे ग्रंथालय यांत धर्मप्रसारकांच्या पत्रांचे मोठे संग्रह आहेत. पूर्वी कित्येक आया मुलाचे पत्र टंकलिखित करून कार्बनप्रती नात्यात वाटत. अलीकडे ई-मेलची छापील पुस्तके बांधून घेतली जातात. अशा संग्रहांत मुलाची बाजू बहुधा सलग असते, कारण ती एका घरात, एका खणात साठत गेली. आईची पत्रे दोन सुटकेसींत संसार मावणाऱ्या मुलाबरोबर फिरली आणि बदलीच्या वेळी ओझे कमी करताना पुष्कळदा मागेच टाकली गेली. परिणामी आईने काय विचारले होते, याचा अंदाज अभ्यासकाला मुलाच्या उत्तरांवरूनच बांधावा लागतो.